दीड एकराचा गुंड

आमच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात एक पितळी गुंड आहे. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी : आमच्याकडे गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. दुसऱ्या अर्थाचे गुंड आमच्याकडेही आहेत, पण ते कोनाड्यात मावत नाहीत.) भंडाऱ्यात पितळेच्या भांड्यांचं काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. आमच्या गावाचं नावच भांड्यांवरून पडलं असं लोक सांगतात. पण हा गुंड विकत आणलेला नाही. तो बाबांनी शंकरपटात जिंकलेला आहे. माय त्याला शेवटपर्यंत 'दीड एकराचा गुंड' म्हणायची, आणि म्हणताना कधी हसायची नाही. नातेवाइकांना ही गोष्ट ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी पुढे सांगते.

झालं असं की संक्रांतीच्या सुमारास धाकट्या भावाचा नातू पुण्याहून आला. त्याला मोटारसायकलचं वेड. त्याने मोबाइलवर मला एक शर्यत दाखवली. लांबलचक सरळ धावपट्टी, एका टोकाला दिवे, दुसऱ्या टोकाला वेग दाखवणारा फलक. डोक्यापासून पायापर्यंत कातड्यात गुंडाळलेला एक मुलगा टाकीवर आडवा झाला, दिवा हिरवा झाला आणि पुढच्या क्षणी तो दिसेनासा झाला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत म्हणे. मी विचारलं, "अरे, बाजूला दुसरं कुणीच नाही. मग हा हरवतो कुणाला?"

"घड्याळाला, आजी."

"मग हा तर आपला शंकरपट झाला," मी म्हटलं.

"तू पाहिलाय?"

आता काय सांगू? वय वर्षं चौऱ्याहत्तर, सगळा जन्म भंडारा जिल्ह्यात गेला, बापाच्या गोठ्यात पटाची जोडी होती, छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. आणि शंकरपट मी एकदाही पाहिलेला नव्हता. नातू म्हणाला, "चल मग. मी पण नाही पाहिला." तर अशी माझी पटाची पहिली वारी ठरली.

जायच्या आधी थोडं या पटाविषयी, कारण पश्चिम महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती पाहिलेल्यांना आमचा पट वेगळा वाटेल. तिकडे बऱ्याच ठिकाणी अनेक गाडे एकदम सुटतात. आमच्या विदर्भातल्या पटाचा कणा म्हणजे घड्याळ. जोडी सुटते, सरळ धावते, किती सेकंद लागले ते लिहून घेतात. दुसऱ्या दिवशी येणारी जोडी आदल्या दिवशीच्या जोडीशी लढू शकते, कारण लढाई आकड्यांची असते. शंकराचं नाव का, याला नंदीकडे बोट दाखवलं की पुरे. हंगामही शेतीनेच ठरवलेला. आमचा जिल्हा धानाचा. दिवाळीच्या पुढेमागे धान कापलं जातं, मळणी उरकते, बांध्या कोरड्या पडतात, बैल रिकामे आणि माणसंही रिकामी. मग दिवाळीनंतर मंडई आणि दंडार, आणि थंडीत पट. झाडीपट्टीत दिवसा पट असतो आणि रात्री नाटक. पट पाहायला आलेला पाहुणा रात्री नाटक पाहूनच परततो, हा शिरस्ता. आज वडसा हे या नाटकमंडळ्यांचं माहेरघर आहे आणि या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्या रंगभूमीला प्रेक्षक मिळवून देण्यात पटाच्या बैलांचाही वाटा आहे, असं माझं मत. कुणी पदवी देणार असेल तर प्रबंध लिहायला तयार आहे!

वेगवान बैलांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. वर्धा-नागपूर भागातली गवळाऊ जात तिच्या चालीसाठी प्रसिद्ध. मराठ्यांच्या फौजांचं सामान भराभर हलवायला हे बैल वापरत, असं सांगतात. नंतर फौजा गेल्या, मालगुजार राहिले. मालगुजाराच्या गोठ्यातली जोडी हा त्याच्या तोऱ्याचा भाग असे. १९५१ साली मध्य प्रांतातली मालगुजारी संपली. पट मात्र संपला नाही. तो गावाच्या वर्गणीवर आला, आणि मालगुजाराच्या जागी पाच-सात एकरांचे धनी जोड्या पाळू लागले. इथेच माझ्या बाबांचा प्रवेश होतो.

पाच-सात एकरांच्या धन्याने मालगुजाराची हौस करायची म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं. पटाचा बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याला खुराक वेगळा, झूल वेगळी, त्याच्यामागे एक माणूस वेगळा. आमच्या घरी तीन म्हातारे बैल शेताचं काम ओढत आणि दोन तरणे उभ्याने खात. मी दहा-अकरा वर्षांची असेन. घरात दूध असायचं, पण आधी बैलांना अंडी-दूध आणि उरलं तर आम्हाला. बाबा वाईट नव्हते. त्यांनी मायवर कधी हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत. त्यांना नाद होता, बस. दुसऱ्या वर्षी त्यांनी आणखी चांगली जोडी घ्यायला तळ्याखालची दीड एकराची बांधी विकली. आमच्या घरात सगळ्यात आधी पाणी मिळणारी बांधी ती. त्या जोडीने एक पट मारला आणि बाबा हा गुंड डोक्यावर घेऊन वाजतगाजत आले. पुढच्या वर्षी एक बैल पायाने अधू झाला. एकटा बैल पटात धावत नाही. जोडी मोडली, गुंड उरला.

त्या काळी बायका पटाला जात नसत. रात्रीच्या नाटकाला जायच्या, घोंगडी टाकून पहिल्या रांगेत बसायच्या. पण दिवसाचा पट पुरुषांचा. माझ्या बाबतीत मायने आणखी एक गाठ मारून ठेवली होती. "त्या वाटेनं जाशील तर माह्या गळ्याची शपथ." मी गेले नाही. शपथ नंतर सवय झाली आणि मग शिक्षिकेचं तत्त्वही झाली.

कारण पट हा आमच्या शाळेचा वैरी. जानेवारी-फेब्रुवारीत आसपासच्या कुठल्या तरी गावी पट असायचाच आणि मागचे तीन बाक रिकामे. मी हजेरीवर लाल शाईने गैरहजेरी लिहायची. आणि एका वर्षी, बहुधा १९८४, त्याहूनही वाईट केलं. आमच्या शाळेत क्रीडा स्पर्धांसाठी एक स्टॉपवॉच होतं, किल्ली द्यायचं, गोल, निकेलचं. त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. आठवीतल्या एका मुलाला त्या घड्याळाचं विलक्षण आकर्षण होतं. तास संपायला किती वेळ उरला आहे, हे तो मनातल्या मनात मोजून सांगायचा आणि बरोबर सांगायचा. त्याच्या गावच्या पटाला दोन दिवसांसाठी ते घड्याळ हवं, म्हणून तो मागायला आला. मी नाही म्हटलं. दोन दिवसांनी कपाटात घड्याळ नव्हतं. सोमवारी त्याने ते रुमालात बांधून परत आणलं, आपण होऊन. मी त्याला सगळ्या वर्गासमोर हातावर वळ उठेपर्यंत मारलं. त्या छड्यांत त्याच्या चोरीच्या किती आणि दीड एकराच्या किती, हे मला तेव्हा कळलं नाही. तो पुढच्या आठवड्यापासून शाळेत आला नाही. निवृत्तीच्या समारंभात लोक माझ्या शिस्तीबद्दल बोलत होते, तेव्हा मला तो रुमाल दिसत होता.

म्हणून पटावर बंदी आली तेव्हा मी कुठल्या बाजूला होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये बैलाला 'खेळ-प्रदर्शनात वापरू नये' अशा प्राण्यांच्या यादीत घातलं. त्या यादीतल्या इंग्रजी 'बुल'मध्ये आपला बैल येतो की फक्त वळू, यावरही वाद झाला (भाषेच्या शिक्षकांना कोर्टात किती काम आहे बघा). ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यती दोन्हींवर बंदी घातली. त्या दिवशी मी मायच्या फोटोला हार घातला. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट देऊन पाहिली, न्यायालयाने ती लगेच थांबवली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, नियम केले. मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यावर स्थगिती आणली. अखेर १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या अटीवर शर्यती पुन्हा सुरू करू दिल्या, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे दुरुस्त कायदे वैध ठरवले.

या साडेसात वर्षांत आमच्याकडे काय झालं? रात्रीची नाटकं चालू राहिली, दिवसाची पट्टी ओस पडली. पटाच्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. शेतात तर ट्रॅक्टर आधीच शिरला होता. बंदीने बैलांचा छळ थांबला हे खरं, आणि अनेक गोठ्यांतून बैलच गेला हेही खरं. मी हार घातला तेव्हा यातलं पहिलंच पाहिलं होतं.

असो. तर आम्ही निघालो. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसायला मी ठाम नकार दिला, म्हणून भावाची चारचाकी. भंडाऱ्याहून महामार्गाने लाखनीकडे, वाटेत गडेगावचा ट्रकचा कारखाना. तो आला १९८२ मध्ये. आमच्या किती विद्यार्थ्यांची पोटं त्यावर चालली! लाखनीच्या पुढे आत वळलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे जे पाहिलं ते बरं-वाईट दोन्ही लिहायचं आहे.

लांबूनच भोंगा ऐकू आला. कापलेल्या बांध्यांमधून एक सरळ पट्टी काढलेली, दोन्ही बाजूंना बांबूचं कुंपण, त्यामागे माणूसच माणूस. भजी, जिलेबी, ऊस, बोरं. रात्रीच्या नाटकाचे फलक. मंडपात पहिलं बक्षीस ठेवलेलं, फुलांची माळ घातलेली नवी मोटारसायकल! नातू मला कोपराने ढोसून म्हणाला, "बघ आजी, बैल धावतात आणि गाडी जिंकतात." आणि बायका? भरपूर होत्या, डोक्यावर पदर घेतलेल्या आणि न घेतलेल्याही. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरच्या पटात तर बायका स्वतः जोडी हाकतात, हे वाचलं होतं. माझी शपथ एकटीचीच जुनी झाली होती.

पहिली जोडी आणली तेव्हा मी बैलांचे डोळे पाहत होते. दोघांना आवरायला चार-पाच माणसं. मागे दोन चाकांचा इवलासा छकडा, त्याला गाडी म्हणणं म्हणजे सायकलला ट्रक म्हणणं. धुरकरी त्यावर उकिडवा, जवळजवळ बैलांच्या शेपट्यांवर. झेंडी पडली. मला वाटलं होतं, आपण नीट पाहू. पण पाहण्यासारखं काही उरतच नाही. आधी आवाज आला. तो कानाला नाही, तळपायाला आला. मग दोन पांढरे लोळ समोरून गेले, छकड्याचं एक चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं, धुरकऱ्याचं तोंड उघडं होतं आणि त्याची हाक आम्हाला तो गेल्यावर ऐकू आली. पलीकडच्या टोकाला बैल थांबत नाहीत. त्यांना ब्रेक नसतो. ते तसेच शेतात शिरले आणि लोक बाजूला पांगले. मी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही. नातवाने मोबाइलवर हिशेब केला आणि ताशी चाळीसच्या आसपास असा आकडा सांगितला. फक्त चाळीस? माझा विश्वास बसेना. तो म्हणाला, "आजी, वेग किती हे महत्त्वाचं नाही. आपण जमिनीपासून किती जवळ आहोत त्यावर तो वाटतो."

दोन जोड्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात त्याने मला त्याच्या पंथाचा इतिहास सांगितला. अमेरिकेत बॉनव्हिल नावाचं मिठाचं मैदान आहे. तिथे १९४८ साली रोली फ्री नावाच्या माणसाने, वारा अडू नये म्हणून अंगातले कपडे काढून, फक्त पोहायच्या चड्डीवर मोटारसायकलवर पालथं पडून ताशी दीडशे मैलांचा टप्पा ओलांडला. (आमच्या धुरकऱ्याच्या अंगावर निदान बनियन होतं.) आणि तिथेच १९६७ मध्ये न्यूझीलंडचा बर्ट मन्रो, वय अडुसष्ट, १९२० सालची गाडी घरच्या घरी सुधारत सुधारत घेऊन आला आणि ताशी १८४ मैलांचा विक्रम करून गेला. त्याच्या गाडीचं नाव 'इंडियन'. अडुसष्टाव्या वर्षी! हा म्हातारा मला फार आवडला. त्याच्या विक्रमाने कुणाची बांधी विकली गेली का, हे मात्र नातवाला सांगता आलं नाही. एक नियम त्याने सांगितला तो मजेचा वाटला : जागतिक विक्रमासाठी त्याच पट्टीवर दोन्ही दिशांनी धावावं लागतं आणि सरासरी धरतात, म्हणजे वाऱ्याचा फायदा कुणाला मिळत नाही. बैलाला हे कोण समजावणार?

आता वाईट. नियमाप्रमाणे काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई आहे. अंतर हजार मीटरच्या वर नको, एका बैलाला दिवसात तीनपेक्षा जास्त फेऱ्या नकोत, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी हवी. भोंग्यावरून हे पुन्हा पुन्हा सांगत होते. बहुतेकांनी पाळलंही. पण एका जोडीची शेपटी सुटायच्या आधी पिळलेली मी पाहिली, आणि परत येताना दुसऱ्या एका बैलाच्या मागच्या अंगाला रक्ताचा ठिपका होता. कुणी म्हणालं, माशी चावली. मी सत्तर वर्षं गोठे पाहते आहे. ती माशी कुठली, हे मला कळतं. भोंगावाल्याने ते पाहिलं की नाही, कोण जाणे. ती जोडी बाद झाली नाही. मी पुन्हा खुर्चीत बसले आणि पुढच्या दोन जोड्या पाहिल्या नाहीत.

तेवढ्यात मागून हाक आली, "ओळखलं का जी, बाई?"

पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोक्याला गमछा, गळ्यात समितीचा बिल्ला. मी चेहरा ओळखला नाही. हात पुढे केला तेव्हा, का कोण जाणे, आधी तळहात पाहिला आणि मग ओळखलं. त्याने आम्हाला उचलूनच नेल्यासारखं घड्याळाच्या टेबलाशी नेलं. तिथे त्याची जागा. आता सगळं विजेवर आहे, लाल आकडे, सेकंदाचा शंभरावा भाग. पूर्वीच्या हातातल्या घड्याळाला सेकंदाचा पाचवा भाग दिसला तरी खूप. दोन जोड्यांचे आकडे सारखे यायचे आणि मग काठ्या निघायच्या, असं तो म्हणाला. आता भांडण होत नाही. झालं तर वीज जाते तेव्हा. नातवाने त्याला प्रश्नांनी भंडावून सोडलं, सुटतानाचा क्षण कसा पकडता, चूक किती येते. तो एकेका प्रश्नाचं उत्तर असं देत होता, की माझ्या वर्गात तसं उत्तर मी कधी ऐकलं नाही. ऐकायला थांबले नव्हते, हेही खरं.

मग तो माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "बाई, शाळेचं ते घड्याळ मिनिटाले अर्धा सेकंद मागं राहे. दोन दिवस रेडिओशी लावून पाहिलं होतं म्या. तुमाले सांगनार होतो. पन मार खाल्ल्यावर कोन सांगते?"

म्हणजे आमच्या शाळेचे धावण्याचे सगळे विक्रम इतकी वर्षं चुकीचे होते, आणि ते ठाऊक असलेल्या एकुलत्या एका मुलाला मी शाळेतून घालवलं होतं. मी म्हटलं, "मी मारायला नको होतं रे." हे वाक्य चाळीस वर्षं तयार होतं, पण भोंग्याच्या आवाजात फार बारीक निघालं. त्याने ऐकलं असावं. तो म्हणाला, "बाई, जोडी सुटून रायली," आणि तोंड पट्टीकडे केलं.

निघताना त्याने विचारलं, तुमच्या बाबांची जोडी होती ना? त्याच्या आज्याने ती पाहिली होती म्हणे, आणि बरीच वर्षं तिचं नाव काढायचा. मला हे नवीन होतं. आमच्या घरात त्या जोडीचं नाव कुणी काढत नसे. "काय नावं होती जी बैलांची?" त्याने विचारलं. मला एकच आठवलं, पाखऱ्या. तो डावीकडचा, कपाळावर चांद असलेला. पाय अधू झाला तो दुसरा, आणि त्याचंच नाव आठवेना. रात्री भावाला विचारलं, त्यालाही आठवत नाही. तो तेव्हा पाळण्यात होता. साकोलीच्या मावशीकडचं कुणी हे वाचत असेल तर जरा त्यांना विचारा. त्या वर्षी त्या आमच्याकडे राहायला होत्या आणि बैलांना अंडी फोडून घालायचं काम त्यांच्याकडेच होतं.